त्यांचं म्हण

रविवारी सकाळी दहा ते बारा आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी मुलांना बुद्धिबळ शिकवते. बारा-तेरा मुलं येतात. सतरंजीवर रेक्झिनचे पट उलगडले की पहिली पाच मिनिटं नुसता सोंगट्यांचा खडखडाट असतो. एखादं प्यादं हमखास कपाटाखाली जातं, कुणाच्या तरी डब्यात एकच वजीर निघतो. त्या रविवारी बाहेर पाऊस लागून राहिला होता, मुलं कंटाळली होती, म्हणून शेवटची पंधरा मिनिटं मी गोष्ट सांगायला घेतली. माझी आवडती गोष्ट. पूर्वी पंजाबातल्या एका बड्या जमीनदाराकडे एक नोकर होता, त्याला विलायती पद्धतीचं बुद्धिबळ धड येतसुद्धा नव्हतं, मालक त्याला बोटीतून इंग्लंडला घेऊन गेला आणि या नोकरानं तिथल्या भल्याभल्यांना पाणी पाजलं, अगदी माजी जगज्जेत्या कॅपाब्लांकालासुद्धा. मुलं तोंड उघडं टाकून ऐकत होती. 'नोकर' हा शब्द मी दर वेळी जरा ठासून म्हणत होते. गोष्ट तिथेच रंगते, हे मला अनुभवानं माहीत होतं.

गोष्ट संपली. मागच्या ओळीतल्या नऊ-दहा वर्षांच्या एका मुलीनं विचारलं, "पण त्याचं नाव काय होतं?"

दाराशी तिची आई येऊन उभी होती, छत्री मिटलेली, चपला बाहेर काढलेल्या. माझ्या तोंडून उत्तर येण्याआधी त्या मुलीला हळूच म्हणाल्या, "त्यांचं म्हण."

मी नाव सांगितलं, सुलतान खान. मुलांनी पट गुंडाळले, सगळे घरी गेले. मी मात्र सतरंजी झटकता झटकता तिथेच अडकले. पंधरा मिनिटं मी एका माणसाची गोष्ट सांगितली आणि त्यात त्याचं नाव एकदाही घेतलं नाही. जमीनदाराचं घेतलं होतं. सर उमर हयात खान. कॅपाब्लांकाचं तर चार वेळा घेतलं. ज्याची गोष्ट, तो तेवढा 'नोकर'. आणि ज्या बाईंनी लेकीला सुधारलं, त्या आमच्याच इमारतीत तीन घरी पोळ्या करायला येतात. सगळी इमारत त्यांना 'पोळ्यांच्या ताई' म्हणते. मीही म्हणते. चार वर्षं झाली.

ती गोष्ट मला कुणी सांगितली, तर आजोबांनी. मिरजेच्या घरात ओसरीवर त्यांचा लाकडी पट असायचा. सोंगट्या लाल आणि हिरव्या, लाखेच्या, हातात घेतल्या की गुळगुळीत आणि उन्हाळ्यात किंचित चिकट. त्या पटावर ते देशी पद्धतीनं खेळायचे. प्यादं पहिल्या खेळीलासुद्धा एकच घर चालणार. कॅसलिंग, म्हणजे राजा-हत्तीची एकत्र खेळी करून राजाला आडोशाला नेणं, वगैरे नाही, पण राजाला शह बसलेला नसेल तर एकदाच घोड्याची उडी मारायची मुभा. ते मला घोड्याला उंटाचा जोर कसा द्यायचा ते दाखवायचे, आणि माझं एखादं मोहरं बिनजोरी, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या आधाराशिवाय राहिलं की ते उचलण्याआधी बोटानं दोनदा टिचकी वाजवायचे, म्हणजे अजून बघ. प्याद्यानं मात केली की त्या दिवशी स्वारी खूश, संध्याकाळी माझ्या हातावर लिमलेटची गोळी. अशाच एका दुपारी त्यांनी सुलतान खानांबद्दल सांगितलं होतं. आता आठवायला बसले तर जाणवतं, 'नोकर' हा शब्द आजोबांच्या तोंडी नव्हता. ते 'पंजाबचे सुलतान खान' म्हणायचे, जसं आपण 'सांगलीचे अमुक' म्हणतो तसं. नोकर मी पुढे कुठेतरी वाचलं आणि माझ्या गोष्टीत तेच राहिलं. नाव गळून गेलं.

त्या रात्री मी परत सगळं काढून बसले. १९०५च्या सुमाराचा जन्म, सरगोधा भागातलं मिठा टिवाना हे गाव. खेळ वडिलांकडून शिकलेले, तोही देशी. विलायती नियम हातात आले तेव्हा वय विशीच्या पुढे गेलेलं. १९२८ साली अखिल भारतीय स्पर्धेत नऊ डावांत आठ जिंकले, एक बरोबरीत सोडवला. १९२९च्या वसंतात उमर हयात खानांबरोबर लंडनला पोचले आणि त्याच उन्हाळ्यात रॅम्सगेटला ब्रिटिश विजेतेपद घेतलं. पुढे १९३२ आणि १९३३ला पुन्हा तेच. हॅम्बर्ग, प्राग, फोकस्टोन अशा तीन ऑलिंपियाडमध्ये, म्हणजे देशोदेशींच्या संघांच्या स्पर्धांत, इंग्लंडच्या संघाच्या पहिल्या पटावर हा माणूस बसला. प्रागला फ्लोर आणि रुबिन्स्टाइन या नावाजलेल्या खेळाडूंना हरवलं, जगज्जेत्या अलेखाइनला बरोबरीत रोखलं. टार्टाकोवरशी स्वतंत्र सामना खेळून जिंकला. आणि १९३३च्या शेवटी सगळं आवरून परत. जेमतेम पाच वर्षं. आपल्याकडे एखादं पोर दहावीहून पदवीला पोचतं तेवढा काळ.

या पाच वर्षांबद्दलच्या लिखाणात एक प्रसंग फिरून फिरून येतो. अमेरिकन खेळाडू रूबेन फाइन यांनी तो लिहून ठेवला आहे. फोकस्टोनच्या ऑलिंपियाडनंतर अमेरिकन संघाला उमर हयात खानांच्या घरी बोलावणं होतं, आणि तिथे पाहुण्यांना वाढायला खुद्द सुलतान खान. ज्याच्याशी पटावर झुंजायचं तोच ताट पुढे करतोय, या कल्पनेनं पाहुणे अवघडून गेले म्हणे. मीसुद्धा हा प्रसंग मुलांना रंगवून सांगत आले. अलीकडे मात्र सुलतान खानांच्या घरच्यांनी या सगळ्या चित्राला हरकत घेतली आहे. ते कुणाचे घरगडी नव्हते, स्वतःची जमीन असलेल्या घरातले होते, त्यांना लिहितावाचता येत होतं, आश्रयदात्याबरोबर विलायतेला जाणं म्हणजे चाकरी नव्हे, असं त्यांचं म्हणणं. ते वाचलं आणि मी बराच वेळ नुसती बसून राहिले. आपल्याकडे पाहुणा आला की घरचा थोरला मुलगासुद्धा वाढायला उठतो, वाकून, आग्रह करकरून. पंगतीत वाढणाऱ्याला कुणी नोकर समजत नाही. परक्या माणसानं बाहेरून बघितलं आणि त्याला जे दिसलं ते लिहिलं. आणि मी पंगतीतच लहानाची मोठी झाले, तरी मलाही तेच दिसलं.

मग आवडलं काय होतं मला त्या शब्दात? खूप विचार केला. एक तर असं, की गरीब, अडाणी, परक्या मुलखातला माणूस बड्यांना हरवतो ही गोष्ट ऐकताना ऐकणाऱ्याची छाती आपोआप फुगते. पण त्या गोष्टीत कष्टाला जागा राहत नाही. अडाणी म्हटलं की खेळ दैवी झाला, चमत्कार झाला. खरं तर रॅम्सगेटच्या आधी विंटर आणि येट्स या दोन इंग्रज खेळाडूंबरोबर त्यांनी सराव केला होता, सुरुवातीच्या खेळ्या घोटल्या होत्या. आणि इंग्लंडच्या त्या ओल्या हवेत ते सारखे आजारी असायचे, हिवताप, सर्दी, घशाचे विकार, कितीतरी वेळा गळ्याभोवती पट्ट्या गुंडाळून पटावर येऊन बसायचे. मला स्वतःला घसा धरला तर मी रविवारचा वर्ग रद्द करते. तापानं डोळे चुरचुरताहेत, गिळताना दुखतंय, आणि समोरचा घड्याळाचं बटण दाबतोय. त्या अवस्थेत पाच-पाच तास एका जागी बसून बिनजोरी मोहऱ्यावर नजर ठेवायची. याला चमत्कार म्हणून मोकळं होणं म्हणजे त्या माणसाची मेहनत हिसकावून घेणं आहे.

कॅपाब्लांकाविरुद्धचा तो डाव मी पुन्हा मांडला. हेस्टिंग्ज, १९३०-३१ची स्पर्धा. पांढरी मोहरी सुलतान खानांकडे. २३व्या आणि २४व्या खेळीला त्यांनी आपला वजीर देऊन कॅपाब्लांकाचे दोन्ही हत्ती घेतले. पटावर आता काळ्याचा वजीर आणि पांढऱ्याचे दोन हत्ती. बघणाऱ्याला वाटतं, आता काहीतरी धडाका होणार. काहीही होत नाही. पुढच्या वीस-पंचवीस खेळ्यांत जे होतं ते आजोबांच्या ओसरीवर व्हायचं तसं होतं. एच पट्टीतलं प्यादं १४व्या खेळीला पुढे आलेलं असतं. ते ३४व्या खेळीला एक घर सरकतं. मग ४४व्या खेळीला आणखी एक. याच सुमारास राजा फिरायला निघतो (अक्षर उभ्या पट्टीचं, आकडा आडव्या ओळीचा). सी १, बी २, ए ३, पुन्हा बी २, बी १, थेट कोपऱ्यात ए १, परत बी २. समोर कॅपाब्लांकाचा वजीर, पटावरचं सगळ्यांत ताकदवान मोहरं, ३५व्या खेळीपासून बराच वेळ एच ३ आणि एच ४ या दोन घरांमध्ये येरझारा घालतोय, कारण त्याला जायला चांगली जागाच उरलेली नाही. हा डाव मी आधी किती वेळा पाहिला असेल. पण त्या रात्री पहिल्यांदा लक्षात आलं की पांढऱ्यानं अख्ख्या डावात कॅसलिंग केलेलंच नाही. राजा पहिल्यापासून उघड्यावर, आणि त्याला उघड्याचं भय नाही. प्यादं एकेक घर चालणाऱ्या, राजाला किल्ल्यात दडायची सोय नसलेल्या खेळात जो वाढला, त्याच्या हाताला ही सवय असणारच, असं मला वाटतं. ६५व्या खेळीला हत्ती बी ८ वर आला आणि कॅपाब्लांकानं डाव सोडला. त्यानं पुढे सुलतान खानांच्या बाबतीत प्रतिभा हा शब्द वापरला.

पट तसाच ठेवून मी झोपायला गेले. सकाळी बघते तर बाईसाहेबांनी (घरी नवीन आलेलं मांजर, त्याचं नाव तेच ठेवलंय) दोन प्यादी पाडली होती.

या सगळ्यात आपल्याकडचा एक धागा मला नेहमी ओढतो. १९३५ साली, म्हणजे भारतात परतल्यावर, सुलतान खान व्ही. के. खाडिलकरांशी दहा डावांचा सामना खेळले. नऊ जिंकले आणि एक बरोबरीत सुटला. कॅपाब्लांकाला हरवून आलेल्या माणसासमोर दहा डाव बसायचं. पहिला डाव गेला, दुसरा गेला, तरी सकाळी उठून परत पटापाशी यायचं, आणि त्यातला एक डाव हातातून जाऊ द्यायचा नाही. लोक नऊ मोजतात. मला त्या एका अर्ध्या गुणाचं भारी वाटतं. नऊ डाव हरणाऱ्याच्या बाजूनं कुणी काही लिहीत नाही, पण शिकवायला लागल्यापासून मला माझ्या पटांवर रोज तीच मुलं दिसतात, हरून हरून लाल झालेली, तरी पुढच्या डावाला सोंगट्या नीट मांडणारी. खाडिलकर हे आडनाव पुढे आपल्या बुद्धिबळात घरोघरी पोचलं ते वासंती, जयश्री आणि रोहिणी या बहिणींमुळे. १९७४ साली वासंती पहिली राष्ट्रीय महिला विजेती झाली, आणि १९७६ साली रोहिणीनं पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरायचा हक्क भांडून मिळवला. आजोबांनी त्यांची कात्रणं पंचांगात घालून ठेवली होती. आईनं मला पटाला हात लावू दिला तो त्या बहिणींच्या जिवावर.

आणि मिस फातिमा. १९३३ साली हेस्टिंग्जला सुलतान खान पुरुषांचं ब्रिटिश विजेतेपद घेत होते, तेव्हा त्याच गावी महिलांची स्पर्धा फातिमांनी जिंकली. अकरा डावांत दहा विजय, एक बरोबरी, हार एकही नाही. त्याही उमर हयात खानांच्याच घरातल्या. तरुण पोर. बहुतेक ठिकाणी त्यांच्या नावापुढे आडनाव नाही, मागे काही नाही. मिस फातिमा, बस. भारतात परतल्यावर सुलतान खानांना तुरुंगातून सुटल्यासारखं वाटलं, असं नंतर फातिमांनीच सांगितल्याचं वाचलं. हे वाक्य वाचलं की माझ्या मनात दोन गोष्टी एकदम येतात. एक म्हणजे आनंद, की अखेर तो गळ्याभोवतीच्या पट्ट्या काढून आपल्या उन्हात जाऊन बसला. दुसरी म्हणजे हळहळ, कारण त्या सुटकेबरोबर जगाला त्याचे डाव मिळायचे थांबले. हळहळ माझी आहे, त्याची नसेल. आपल्या मुलांनी आयुष्यात याहून उपयोगाचं काहीतरी करावं, असं तो त्यांना सांगायचा म्हणतात. मी रविवारी हॉलमध्ये ज्या गोष्टीसाठी जीव टाकते, तिच्याबद्दल तिच्या एवढ्या मोठ्या जाणकाराचं हे मत. मला ते अजून पचलेलं नाही.

१९५० साली जागतिक बुद्धिबळ महासंघानं ग्रँडमास्टर हा किताब अधिकृतपणे द्यायला सुरुवात केली. पहिल्या यादीत २७ नावं होती. कित्येक वर्षं स्पर्धेत न उतरलेल्या रुबिन्स्टाइनचं नाव त्यात होतं, आणि ते असायलाच हवं होतं. ज्याला रुबिन्स्टाइन प्रागला हरला होता, त्याचं नव्हतं. सुलतान खान तेव्हा हयात होते. सरगोध्याकडे आपल्या शेतीवाडीवर, नव्यानं झालेल्या पाकिस्तानात. कुणाला आठवण झाली नाही. १९६६ साली ते क्षयानं गेले. मानद ग्रँडमास्टर हा किताब मिळाला २०२४च्या फेब्रुवारीत. मृत्यूनंतर जवळजवळ ५८ वर्षांनी. आमच्या हॉलमधल्या मुलांना नागपूरची दिव्या देशमुख पाठ आहे, २०२५च्या जुलैत बाटुमीला महिला विश्वचषक जिंकला आणि त्या एका विजयानं ती थेट ग्रँडमास्टर झाली, हे ती मुलं उड्या मारून सांगतात. एकोणीस वर्षांची मुलगी, आईच्या गळ्यात पडून रडणारी. तो क्षण बघताना मीही रडले होते. किताब हातात पडायला माणूस जिवंत लागतो, निदान तो हसताना-रडताना कुणालातरी दिसायला लागतो. हा राग कुणावर काढायचा ते मला कळत नाही. पण राग आहे.

सोमवारी सकाळी जिन्यात ताई भेटल्या. हातात पिठाचे हात पुसायचं फडकं, खांद्याला पर्स. मी त्यांना थांबवून म्हटलं, "ताई, चार वर्षं झाली, मी तुमचं नाव कधी विचारलंच नाही." त्या जरा चमकल्या, मग नाव सांगितलं, माहेरचंही सांगितलं. ते इथे लिहीत नाही, ते त्यांचं आहे. पण त्या एवढंच सांगून थांबल्या नाहीत. म्हणाल्या, "पोरगी रात्रभर विचारत होती, ते खान कुठल्या गावचे. मला काय माहीत? मी म्हटलं, बाईंना विचार." मी म्हटलं, मिठा टिवाना. "मिठा?" त्या हसल्या. "गोड नाव आहे."

पुढच्या रविवारी मी गोष्ट पहिल्यापासून सांगितली. मीर सुलतान खान, या नावानं सुरुवात केली. गाव सांगितलं, वडिलांनी कसं शिकवलं ते सांगितलं, देशी नियम फळ्यावर लिहिले आणि राजाच्या घोड्याच्या उडीवर पोरं खूश झाली. गळ्याभोवतीच्या पट्ट्यांबद्दल सांगितलं. जमीनदाराचं नाव आलं, पण उशिरा. मग ३५व्या खेळीनंतरची स्थिती सहा पटांवर मांडायला लावली आणि म्हटलं, पांढऱ्यानं काय करावं? एकानं हत्ती पुढे रेटला, एकीनं प्यादं बळी दिलं, दोघांनी शह द्यायला जागा शोधली. त्या मुलीनं बराच वेळ काही केलं नाही. गुडघे छातीशी घेऊन पटाकडे बघत राहिली. मग राजा उचलला आणि सी १ वर ठेवला. मी विचारलं, का गं? म्हणाली, "बाकीचे सगळे बरोबर उभे आहेत. ह्यांनाच जागा नव्हती."

मी काही बोलले नाही. मला बोलता आलं नसतं.

शेवटी मुलांना तो डाव वहीत उतरवायला सांगितला. डाव उतरवायच्या कागदावर वर दोन रकाने असतात, पांढरा आणि काळा. बहुतेकांनी 'सुलतान' आणि 'कॅपा' लिहून खेळ्यांना सुरुवात केली. तिनं पहिल्या रकान्यात सावकाश, र्‍हस्व-दीर्घ विचारत, 'श्री. मीर सुलतान खान, मिठा टिवाना' असं लिहिलं. ओळ रकान्याबाहेर गेली. मग पेन्सिल थांबवून तिनं माझ्याकडे बघितलं.

"ह्या दुसऱ्यांचं पूर्ण नाव काय?"

"होजे राउल," मी म्हटलं. "होजे राउल कॅपाब्लांका. क्यूबातलं हवाना."

तिनं तेही लिहिलं, आधी 'श्री.' लावून.